पुणे शहरातील सार्वजनिक वृक्षांचे व्यवस्थापन व संरक्षण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

पुणे शहराच्या इतिहासलेखनात पेठा, वाडे, देवालये, पाणीपुरवठा आणि शिक्षणसंस्था यांना महत्त्वाचे स्थान मिळाले आहे. त्या मानाने रस्त्याच्या कडेला, नदीकाठी आणि उद्यानांत उभ्या असलेल्या सार्वजनिक वृक्षांकडे इतिहासाचा विषय म्हणून कमी लक्ष दिले गेले. ही झाडे कोणी लावली, ती कोणाच्या देखरेखीखाली राहिली आणि ती तोडण्याचा अधिकार कोणत्या काळी कोणाकडे होता, या प्रश्नांच्या उत्तरांतून नगरप्रशासनाचे स्वरूप स्पष्ट होते.

सार्वजनिक वृक्षांच्या व्यवस्थापनात एक मूलभूत अडचण आहे. महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत पाच वर्षांची असते आणि आयुक्तांची नेमणूक त्याहूनही अल्पकाळाची असते. वडाला किंवा चिंचेला मात्र पूर्ण विस्तार पावण्यास अर्धशतक लागते. अल्पकाळ अधिकारावर असणाऱ्यांनी दीर्घकाळ जगणाऱ्या वस्तूविषयी निर्णय घ्यावयाचा असतो. म्हणूनच झाडाच्या वयाला, म्हणजेच त्यात साठलेल्या काळाला, निरनिराळ्या राजवटींनी व कायद्यांनी किती मोल दिले, या दृष्टीने पुण्यातील वृक्षसंरक्षणाचा आढावा प्रस्तुत निबंधात घेण्यात आला आहे.

१. मराठाकालीन विचार

वृक्षसंरक्षणाची कल्पना पाश्चात्त्य राजवटीबरोबर आली, असा समज आढळतो. रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावे प्रसिद्ध असलेले, इ. स. १७१५च्या सुमाराचे 'आज्ञापत्र' पाहता हा समज टिकत नाही. आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाची चर्चा करताना त्यात आंबा व फणस यांसारखी झाडे तोडण्यास स्पष्ट प्रतिबंध केला आहे. त्यामागे दिलेले कारण लक्षणीय आहे. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयत ती लेकरांप्रमाणे दीर्घकाळ वाढविते, आणि ती बळाने तोडल्यास तिच्या दुःखास पारावार राहत नाही. एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तरच ते धन्याच्या संमतीने व मोबदला देऊन घ्यावे, असेही त्यात बजावले आहे.

या आदेशात आधुनिक वृक्षकायद्याची तीन तत्त्वे बीजरूपाने दिसतात : वाढीस लागलेल्या काळाची जाण, तोडण्यापूर्वी घ्यावयाची संमती आणि नुकसानीची भरपाई. मात्र हा विचार खाजगी मालकीच्या फळझाडांपुरता होता. पेशवेकाळात पुणे राजधानीच्या दर्जास पोहोचल्यावर हिराबाग, सारसबाग यांसारख्या बागा निर्माण झाल्या, पण त्या राजाश्रयाने उभ्या होत्या. नागरिकाला ज्यावर हक्क सांगता येईल असे सार्वजनिक झाड ही संकल्पना तेव्हा अस्तित्वात आली नव्हती.

२. दापोडी ते गणेशखिंड : वसाहतकाळ

१८१८ नंतर पुण्यातील वृक्षांविषयीचे धोरण दोन दिशांनी विकसित झाले. एक दिशा वनस्पतिशास्त्रीय प्रयोगाची होती. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत १८२८ मध्ये पुण्याजवळ दापोडी येथे वनस्पतिउद्यान सुरू झाले. पेशाने शल्यचिकित्सक असलेले डॉ. अलेक्झांडर गिब्सन १८३८ पासून त्याचे अधीक्षक होते. १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक म्हणून त्यांचीच नेमणूक झाली. झाडोरा नाहीसा झाल्याने ओढे-झरे आटतात, हे मत त्यांनी शासनापुढे मांडले होते. इलाख्याच्या वनप्रशासनाचा आरंभ अशा रीतीने पुण्यातील एका बागेच्या अनुभवाशी जोडलेला आहे. पुढे ते उद्यान बंद पडले. तेथे एका अनामिक भारतीय-पोर्तुगीज चित्रकाराने काढलेली वनस्पतिचित्रे आज एडिंबरो येथील राजकीय वनस्पतिउद्यानात जतन केलेली आहेत. चित्रे टिकली, पण बाग राहिली नाही.

दापोडीनंतर १८७३ मध्ये गणेशखिंड येथे वनस्पतिउद्यान स्थापन झाले. विज्ञान महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे अध्यापन करणारे जी. मार्शल वुड्रो हे त्याचे अधीक्षक होते. या उद्यानाला २०२० मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. संस्थात्मक देखरेखीखाली राहिलेली झाडे शतकाहून अधिक काळ कशी टिकतात, याचे हे शहरातील ठळक उदाहरण होय.

दुसरी दिशा सावली व शोभा यांची होती. लष्कर भागातील रस्ते, एम्प्रेस गार्डन, बंड गार्डन आणि गणेशखिंडीकडे जाणारा मार्ग येथे झाडे लावली गेली. वड, पिंपळ, चिंच, कडुनिंब या परिचित झाडांच्या बरोबरीने मादागास्करचा गुलमोहर आणि उष्णकटिबंधीय अमेरिकेतील वर्षावृक्ष शहरात रुजले. या काळात झाडे सरकारी मालमत्ता मानली गेली. त्यांची निगा राखली जात असे, पण ती राखावी की तोडावी यात रहिवाशांच्या मताला स्थान नव्हते. दाट वस्तीच्या पेठा आणि प्रशस्त लष्कर-गणेशखिंड परिसर यांच्या वृक्षसंपत्तीत जो फरक आजही जाणवतो, त्याचे एक मूळ या विषम नियोजनात आहे.

३. शहराचा विस्तार आणि १९७५ चा अधिनियम

पुणे नगरपालिकेची स्थापना १८५७ मध्ये झाली आणि १५ फेब्रुवारी १९५० रोजी महानगरपालिका अस्तित्वात आली. जुलै १९६१ मधील पानशेतच्या पुरानंतर नदीकाठची वस्ती नव्या वसाहतींत हलली. औद्योगिकीकरणाबरोबर शहर चहूबाजूंनी पसरत गेले. रस्तारुंदी, बांधकाम, विजेच्या तारा व भूमिगत वाहिन्या यांच्याशी झाडांचा संघर्ष या काळात वाढीस लागला.

ग्रामीण व वनक्षेत्राबाहेरील वृक्षतोडीवर नियंत्रण ठेवणारा कायदा राज्यात १९६४ मध्ये झाला होता. शहरांसाठी स्वतंत्र कायदा होण्यास आणखी एक दशक लागले. १९७२ ची स्टॉकहोम परिषद, त्याच सुमारास महाराष्ट्रातील भीषण दुष्काळ आणि १९७३ मध्ये हिमालयात सुरू झालेले चिपको आंदोलन या पार्श्वभूमीवर 'महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५' संमत झाला. पर्यावरणरक्षणासंबंधी राज्याचे व नागरिकाचे कर्तव्य सांगणारी अनुच्छेदे १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने संविधानात आली. राज्याचा हा कायदा त्याआधीचा आहे, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

या अधिनियमाने प्रत्येक नागरी संस्थेत वृक्ष प्राधिकरण आणि वृक्ष अधिकारी यांची तरतूद केली. महानगरपालिकेत आयुक्त हे प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. परवानगीशिवाय खाजगी आवारातील झाडही तोडता येणार नाही, हे तत्त्व प्रस्थापित झाले. 'झाड तोडणे' या संज्ञेची व्याख्या व्यापक ठेवण्यात आली. जाळणे, कापणे किंवा कोणत्याही प्रकारे झाडास इजा पोहोचविणे यांचा तीत समावेश होतो. वृक्षगणना, रोपवाटिका, झाडांचे पुनर्रोपण आणि भूखंडाच्या प्रमाणात झाडांची संख्या ठरविणे ही प्राधिकरणाची कर्तव्ये मानली गेली.

तथापि मूळ कायद्याचा भरपाईविषयक विचार साधा होता. तोडलेल्या झाडाच्या जागी त्याच किंवा अन्य योग्य जातीचे झाड लावण्याची अट त्यात होती. या हिशेबात साठ वर्षांचा वड आणि दोन फुटांचे रोप यांत भेद राहत नव्हता. 'आज्ञापत्रा'ने ओळखलेला काळाचा घटक आधुनिक कायद्यातून गळून पडला होता.

४. परवानगीची प्रक्रिया आणि नागरिकांचा सहभाग

या कायद्याचे सर्वांत मोठे योगदान प्रक्रियेच्या संदर्भात आहे. वृक्षतोडीचा प्रस्ताव आल्यास वृत्तपत्रातून जाहीर सूचना देणे, तशी सूचना प्रत्यक्ष झाडावर लावणे आणि हरकती मागविणे अशी पद्धत रूढ झाली. कोणत्याही रहिवाशाला सार्वजनिक झाडाच्या वतीने बोलण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला. झाडाची सावली मिळणारा, पण त्याची मालकी नसलेला नागरिक प्रथमच निर्णयप्रक्रियेत आला.

ही प्रक्रिया अनेकदा केवळ औपचारिक राहत असल्याची तक्रार पुढे न्यायालयात गेली. पुण्यातील परवानग्यांविषयी २००९ मध्ये दाखल झालेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निर्णय दिला. प्राधिकरणाची रचना कायद्यानुसार असावी, त्यातील सदस्यांस विषयाचे ज्ञान असावे आणि परवानगीचा निर्णय प्राधिकरणाने स्वतः विचारपूर्वक घ्यावा, या बाबींवर त्यात भर होता. सही-शिक्क्याने मिळणारी परवानगी आणि विचारान्ती दिलेली परवानगी यांतील भेद त्यामुळे अधोरेखित झाला.

मार्च २०२२ मध्ये महानगरपालिका सभागृहाची मुदत संपून प्रशासकीय कारभार सुरू झाला. नगरसेवकांचे प्रतिनिधित्व थांबल्याने आयुक्त हेच प्रशासक आणि प्राधिकरणाचे अध्यक्ष अशी स्थिती निर्माण झाली. याच काळात नदीकाठ सुधार प्रकल्प, वेताळ टेकडीवरील प्रस्तावित रस्ता आणि गणेशखिंड रस्त्याचे रुंदीकरण यांवरून शहरात तीव्र वाद झाले. २९ एप्रिल २०२३ रोजी नदीकाठच्या झाडांसाठी नागरिकांनी 'चिपको' पदयात्रा काढली. सभागृहात उमटू न शकलेला मतभेद रस्त्यावर आणि न्यायालयात व्यक्त झाला, असे या घटनांचे वर्णन करता येईल. रुंद रस्ता व सार्वजनिक वाहतूक यांची गरजही खरी असल्याने हा वाद केवळ विकासविरोध म्हणून बाजूला सारता येत नाही.

५. संख्या, जाती आणि वय

दर पाच वर्षांनी वृक्षगणना करण्याचे बंधन कायद्यात आहे. भौगोलिक माहिती प्रणालीच्या साहाय्याने अलीकडे झालेल्या गणनेत शहरातील झाडांची संख्या चाळीस लाखांच्या आसपास नोंदली गेली. हा आकडा समाधानकारक वाटला, तरी त्याचे विश्लेषण आवश्यक आहे. टेकड्यांवर वनीकरणात लावलेल्या गिरिपुष्पासारख्या झपाट्याने वाढणाऱ्या परदेशी झाडांचा त्यात मोठा वाटा आहे. टेकडीवरील गिरिपुष्प आणि भर वस्तीतील पिंपळ गणनेत सारखेच एक असतात. बसथांब्यावर उभ्या असलेल्या प्रवाशाच्या किंवा हातगाडीवाल्याच्या दृष्टीने मात्र ते सारखे नसतात.

२०२१ च्या दुरुस्तीने या उणिवेची दखल घेतली. पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडास 'वारसा वृक्ष' ही संज्ञा देण्यात आली. तोडल्या जाणाऱ्या झाडाचे वय जितकी वर्षे, तितकी सहा ते आठ फूट उंचीची रोपे लावून ती सात वर्षे जगविण्याची तरतूद झाली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने एका झाडाचे वार्षिक मूल्य ७४,५०० रुपये धरून त्यास वयाने गुणण्याची पद्धत सुचविली. अशा रीतीने झाडाचे वय प्रथमच कायद्याच्या व अर्थशास्त्राच्या भाषेत आले.

या तरतुदीलाही मर्यादा आहेत. साठ वर्षांच्या वडाच्या बदली साठ रोपे त्याच रस्त्यावर लावणे शक्य नसते. ती बहुधा टेकडीवर किंवा शहराच्या सीमेवर जातात. शहराच्या एकूण संख्येत भर पडते, पण ज्या रस्त्याची सावली गेली, त्या रस्त्याला काहीच परत मिळत नाही. भरपाईत काळाबरोबर स्थानाचाही विचार व्हावयास हवा.

६. उभ्या झाडाची देखभाल

आजवरचे कायदे व वाद प्रामुख्याने तोडणीभोवती फिरत राहिले. झाडाचा मृत्यू मात्र पुष्कळदा परवानगीशिवाय आणि कुऱ्हाडीशिवाय घडतो. बुंध्याला भिडलेले काँक्रीट, वाहिन्यांसाठी खोदलेल्या चरांत तुटलेली मुळे, तारांसाठी एकाच बाजूने केलेली छाटणी आणि खोडात ठोकलेले खिळे यांनी झाड अशक्त होते व पावसाळ्यातील वाऱ्यात कोसळते. त्यानंतर ते 'धोकादायक झाड' म्हणून नोंदले जाते, पण ते धोकादायक का झाले याची नोंद होत नाही.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीसंदर्भात झाडांभोवतीची एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवण्याचा आदेश दिला. महाराष्ट्रातील १९७५ च्या अधिनियमातील 'कोणत्याही प्रकारे इजा' ही व्याख्या पाहता, अशा संरक्षणासाठी येथे नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. मूळ तरतुदीचा व्यापक अर्थ अमलात आणणे पुरेसे आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. पुण्यातील वृक्षव्यवस्थापनाचा प्रवास राजाश्रयापासून सरकारी मालमत्तेकडे आणि तेथून नागरिकांच्या हरकतीच्या अधिकाराकडे झाला आहे.

२. झाडाच्या वयाचे मोल अठराव्या शतकातील 'आज्ञापत्रा'ने जाणले होते. आधुनिक कायद्यात ते प्रत्यक्ष उतरण्यास १९७५ नंतर शेहेचाळीस वर्षे लागली.

३. प्राधिकरणाची कार्यक्षमता तज्ज्ञ सदस्य, लोकप्रतिनिधी आणि खुली सुनावणी या तिन्हींवर अवलंबून असते. यांपैकी एक घटक गैरहजर राहिल्यास वाद रस्त्यावर व न्यायालयात जातो.

४. वृक्षगणनेत संख्येसोबत जाती, वय, स्थान आणि प्रकृती यांची नोंद ठेवून, कोसळलेल्या झाडांच्या कारणांचीही नोंद झाली पाहिजे.

महाविद्यालयांना या कामी निश्चित भूमिका आहे. वनस्पतिशास्त्र, भूगोल व इतिहास या विभागांनी आपल्या परिसरातील रस्त्यांवरील जुन्या झाडांची नोंद एकत्रितपणे ठेवल्यास, हरकतीच्या वेळी नागरिकांना व प्राधिकरणाला विश्वसनीय आधार मिळेल. महाविद्यालय हे सभागृहाच्या मुदतीहून दीर्घकाळ टिकणारे असते. झाडाच्या आयुष्याशी जुळणारी स्मृती जतन करण्याचे काम अशा संस्थेने स्वीकारणे औचित्यपूर्ण ठरेल.