घर आधी, रस्ता मागून : विरारच्या गल्ल्यांची गोष्ट

स्मरणिकेत शाळेच्या आठवणी बरेच जण लिहितील. मी शाळेकडे येणाऱ्या रस्त्यांविषयी लिहिते आहे. आपण दहावी झालो तेव्हा ते मातीचे होते, आज पक्के आहेत. पण ते सुरक्षित झाले का, हा प्रश्न वेगळा आहे.

विरारला लोकल फार लवकर आली. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेकडे पहिली गाडी सुटली. तरी त्यानंतर शंभर वर्षे विरार वाड्या-विहिरींचेच गाव राहिले. मुंबईत घर परवडेनासे झाले तशी माणसे इकडे वळली. आपल्यापैकी अनेकांचे आईवडील त्यांतलेच.

१९९० मध्ये शासनाने वसई-विरारच्या नियोजनासाठी सिडकोला नेमले. नवी मुंबईत सिडकोने आधी जमीन ताब्यात घेतली, रस्ते आखले आणि मग भूखंड दिले. इथे जमीन खासगी मालकांकडेच राहिली. ज्याने त्याने आपल्या जागेत इमारत उभी केली आणि मधे उरलेल्या पट्टीला रस्ता म्हटले. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि आसपासच्या ग्रामपंचायती मिळून महापालिका झाली, तेव्हा हे जाळे तिच्याकडे वारशाने आले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजार भरली.

पेव्हर ब्लॉक बसले की गल्ली सुधारली, असे आपण म्हणतो. मानके मात्र वेगळेच विचारतात. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार उंच इमारतीसमोरचा रस्ता किमान १२ मीटर हवा. इमारतीभोवती बंब फिरायला ६ मीटर मोकळी जागा हवी आणि ती ४५ टनांचे वजन पेलणारी हवी. इंडियन रोड्स काँग्रेस सांगते की पदपथावर चालायला १.८ मीटर मोकळे असावेत आणि गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, पण ३.७ मीटर रुंद असावा. आपल्याकडे रातोरात घातलेला वीतभर रुंदीचा उंचवटा हा गतिरोधक नव्हे. तो रिक्षातल्या गरोदर बाईला आणि म्हाताऱ्या माणसाला दिलेला दणका आहे.

‘पाण्याचा टँकर येतो, मग बंबही येईल,’ अशी समजूत मी अनेक सोसायट्यांत ऐकली आहे. टँकर रिव्हर्स घेत येतो, पाइप टाकतो आणि जातो. शिडीच्या बंबाला मात्र दोन्ही बाजूंना आधाराचे पाय टेकवावे लागतात. तेवढी जागा नसेल, तर बंब गल्लीत शिरूनही शिडी उघडत नाही.

२७ ऑगस्ट २०२५, गणेश चतुर्थीची मध्यरात्र. विजय नगरमधील रमाबाई अपार्टमेंट या अनधिकृत इमारतीचा भाग शेजारच्या चाळीवर कोसळला आणि १७ जण गेले. परिसर इतका दाटीचा होता की सुरुवातीला मोठी यंत्रे आत नेता आली नाहीत. जवानांना ढिगारा हातांनी उपसावा लागला. इमारत पडली ती बांधकामामुळे. पण मदतीची वाट अडली ती रस्त्यामुळे.

मी संगणक प्रणाली सांभाळते. चालू प्रणाली बंद न करता सुधारायची, तर बदल करायची संधी नेमकी कधी येते हे हेरावे लागते. आपल्या गल्ल्यांना ती संधी आता आली आहे. आपल्या लहानपणी बांधलेल्या इमारती ३० वर्षांच्या झाल्या आहेत. या वयानंतर त्यांची संरचनात्मक तपासणी कायद्याने सक्तीची आहे. अनेक सोसायट्यांत पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. विकास आराखड्यातल्या रस्त्यासाठी जागा सोडली, तर मोबदल्यात एफएसआय किंवा टीडीआर मिळतो. एका इमारतीने दीड मीटर सोडून काही होत नाही. गल्लीतल्या सगळ्यांनी सोडला, तर बंब आत येतो. एकदा नवी इमारत उभी राहिली की पुढची पन्नास वर्षे ती भिंत हलणार नाही.

आपल्यातले कितीतरी जण आज सोसायटीच्या कमिटीवर आहेत. त्यांना विनंती आहे की बिल्डरशी बोलताना कार्पेट एरियाच्या आधी रस्त्याचा विषय काढा. आणि संमेलनाला येताना प्रत्येकाने आपली गल्ली सर्वांत अरुंद जागी टेपने मोजून आणावी. भूगोलाच्या तासाला नकाशे काढायला आपल्याला सरांनी शिकवलेच आहे. तुमचे आकडे एकत्र करून आपल्या परिसराचा नकाशा मी तयार करीन. तो घेऊन महापालिकेत आपण सगळे मिळून जाऊ.