दक्षिणेपासून प्रज्ञाशोधापर्यंत

कामशेतपासून जवळच, कुंडली नदीच्या खोऱ्यांत, वडिवळे हें मावळांतील एक लहानसें गांव आहे. येथील एखाद्या मुलाच्या अंगीं असामान्य बुद्धि असली, तर ती ओळखावी कोणीं, आणि ओळखल्यावर तिचें पोषण करावें कोणीं? या प्रश्नाचें एक जुनें उत्तर मावळांतच दिलें गेलें होतें, याचें स्मरण आम्ही वाचकांस करून देऊं इच्छितों.

तळेगांवचे सेनापति खंडेराव दाभाडे यांनीं श्रावणमासीं विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा देण्याचा प्रघात पाडला. १७३१ सालीं डभईच्या लढाईंत त्रिंबकराव दाभाडे पडले व तो प्रघात पेशव्यांनीं पुण्यास चालविला. पुढें रमण्यांतील गर्दी वाढत गेली. विद्येची पारख मागें पडली आणि जन्म हीच पुष्कळांची पात्रता ठरली. मुळांतच बुद्धीचा शोध एका वर्णापुरता होता. मावळांतील कुणब्याच्या मुलास, किंवा कोणत्याहि मुलीस, त्यांत स्थान नव्हतें.

पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टननें दक्षिणेकरितां वार्षिक ५०,००० रुपये राखिले व १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १८४९ त लोकहितवादींप्रभृति सुधारकांनीं हा पैसा मराठी ग्रंथनिर्मितीकडे वळवावा अशी मागणी केली. पुढें याच निधींतून कॉलेजांत दक्षिणा फेलो नेमले जाऊं लागले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांपैकीं एक. श्रावणांतील एका दिवसाच्या दानाचें अध्ययनास लागणाऱ्या अवकाशांत रूपांतर झालें, हा लाभ आम्ही सामान्य मानीत नाहीं.

विसाव्या शतकांत पारखीचें साधन बदललें. अमेरिकेंत टर्मननें १९२१ सालीं बुद्धिमापनाच्या कसोट्यांनीं दीड हजारांवर मुलें निवडण्याचें काम आरंभिलें. त्या कसोटींत शॉक्ली व आल्वारेझ हीं दोन मुलें उतरलीं नाहींत. दोघांनाहि पुढें नोबेल पारितोषिक मिळालें! पुण्यांत डॉ. वि. वि. उर्फ आप्पा पेंडसे यांनीं १९६२ त ज्ञानप्रबोधिनी स्थापिली. १९६९ त तिची प्रशाला निघाली. बुद्धीला अनेक अंगें असतात हें गिल्फर्डचें मत धरून तेथें कसोट्या रचल्या गेल्या, आणि बुद्धिमंतानें समाजाचें ऋण फेडावें हें ध्येय शिक्षणास जोडलें गेलें.

या इतिहासावरून आम्हांस एक गोष्ट स्पष्ट दिसते. प्रत्येक काळाची चाळणी आपल्या छिद्रांच्या मापाचेंच धान्य निवडते. कसोट्या सुधारल्या तरी, पुस्तकांवांचून वाढलेल्या मुलाची बुद्धि शहरी शब्दांच्या प्रश्नांत सांपडेलच असें नाहीं. ती प्रथम दिसते त्याच्या गांवच्या शिक्षकास. म्हणून त्या शिक्षकाच्या हातीं सुबोध मराठी साधनें, चांगलें ग्रंथालय व थोडी मोकळीक देणें हें प्रज्ञाशोधाचें पहिलें काम होय. दाभाड्यांची दक्षिणा तळेगांवीं मिळे, पण ती घेण्यास विद्वानाला तेथें जावें लागे. आतां विद्येनेंच वडिवळ्यापर्यंत चालत गेलें पाहिजे.