तीन लोंब्या आणि एक हरवलेले नाव

झाडीपट्टीत धान हे केवळ पीक नव्हे. नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही आणि वैनगंगेपलीकडील गडचिरोली या मुलखात कुटुंबाचे वर्ष रोवणीने सुरू होते आणि मळणीने पुरे होते. या मातीतील एका कष्टाळू शेतकऱ्याचे स्मरण आज आम्ही करीत आहोत. त्यांना दीर्घ आयुष्य लाभले. अकाली हरवले ते त्यांचे नाव.

दादाजी रामाजी खोब्रागडे हे नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन जेमतेम दीड एकर. १९८३ साली ‘पटेल-३’ धानाच्या बांधीत त्यांना पिवळसर झाक असलेल्या तीन निराळ्या लोंब्या दिसल्या. दुसऱ्या कोणी त्या भेसळ समजून इतर धानात मिसळू दिल्या असत्या. दादाजींनी त्यांचे दाणे वेगळे राखले, पुढील हंगामात पेरले आणि रानडुकरांपासून जपण्यासाठी भोवती काट्या लावल्या. काही वर्षे नेटाने निवड करीत त्यांनी बी वाढविले. तांदूळ बारीक, भात रुचकर, उत्पन्नही चांगले. गावोगावचे शेतकरी ते बी मागून नेऊ लागले.

या धानाला नाव नव्हते. त्या काळी एचएमटी घड्याळाचा मोठा बोलबाला होता. तेच नाव धानाला चिकटले. बियाणे राज्याबाहेरही पोहोचले, परंतु ते पेरणाऱ्या असंख्य हातांना नांदेडच्या दादाजींचे नाव ठाऊक नव्हते. १९९४ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने सिंदेवाही येथील केंद्रासाठी हे बी नेले आणि १९९८ मध्ये ‘पीकेव्ही-एचएमटी’ या नावाने वाण प्रसारित केले. आपण बियाणे शुद्ध केले, अशी विद्यापीठाची भूमिका; मूळ शोध आपला, हे दादाजींचे म्हणणे. शास्त्रीय शुद्धीकरणाचे मोल आम्ही नाकारीत नाही. पण ज्या डोळ्यांनी त्या तीन लोंब्या प्रथम हेरल्या, त्यांचे श्रेय वगळून ही कथा पूर्ण होत नाही.

पुढे सन्मान आले. २००५ साली राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. २०१० मध्ये ‘फोर्ब्स’ नियतकालिकाने त्यांची दखल घेतली. दादाजींनी आणखी वाणे निवडली. त्यांतील ‘डीआरके’ या एका वाणात त्यांची आद्याक्षरे तेवढी उरली. सन्मानाने दारिद्र्य मात्र हटले नाही. ३ जून २०१८ रोजी गडचिरोलीतील शोधग्राम येथे त्यांनी देह ठेवला.

१६२२ साली ख्रिस्तसभेने संत इग्नेशियस व संत फ्रान्सिस झेवियर यांच्याबरोबर माद्रिदच्या इसिदोर या नांगरधाऱ्यालाही संतपद बहाल केले. दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या गड्याचे नाव विद्वानांच्या पंक्तीत आदराने उच्चारले गेले. श्रम करणाऱ्यास त्याचे नाव परत देणे, हादेखील न्यायच होय. आपल्या देशात २००१ च्या कायद्याने वाण विकसित करणाऱ्या शेतकऱ्याचा हक्क मान्य केला, ही समाधानाची गोष्ट.

पेरणाऱ्याचा दाखला आपण मिस्सामध्ये अनेकदा ऐकतो. यंदा नव्या धानाची ओंजळ वेदीपुढे ठेवताना प्रिय वाचकांनी घरातील मुलांना एवढेच सांगावे: हे बी कुणीतरी निवडले, जपले, आणि त्या माणसाला नाव होते.