वाकणाऱ्या उजेडाची कुळकथा

१ ऑगस्ट १७९८. नाईल नदीच्या मुखाजवळ अबूकीरच्या उपसागरात त्या संध्याकाळी इंग्रज आणि फ्रेंच आरमारांची गाठ पडली. नेल्सननं फ्रेंच जहाजांची वाताहत केली आणि इजिप्तमध्ये उतरलेल्या नेपोलियनच्या फौजेची परतीची वाट तुटली. त्याच दिवशी दुपारी साडेचारनंतर, इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर रॅम्सगेटला, केंब्रिजचे प्राध्यापक सॅम्युअल व्हिन्स दुर्बिणीतून समुद्र न्याहाळत होते. दूरच्या एका जहाजाच्या डोलकाठीचं फक्त टोक क्षितिजावर दिसत होतं, बाकी जहाज पाण्याच्या फुगवट्याआड. आणि त्या टोकाच्या वर, मोकळ्या हवेत, तेच जहाज आणखी दोनदा दिसत होतं. आधी उलटं, आणि त्याच्याही वर सुलटं. व्हिन्स यांनी संध्याकाळपर्यंत जहाजामागून जहाज पाहिलं, प्रत्येकाची आकृती काढली आणि रॉयल सोसायटीपुढे मांडली.

महिना संपायच्या आत अशाच दृश्यावरचा एक निबंध वाचला गेला, तो शत्रूच्या गोटात. कैरोत नेपोलियननं ऑगस्टमध्येच विद्वानांची एक संस्था उभी केली होती. मामलूक सरदारांच्या सोडून दिलेल्या वाड्यांत ती भरे आणि तिचे पहिले अध्यक्ष होते गणिती गास्पार मोंज. अलेक्झांड्रियाहून दमनहूरकडे आलेली फौज जुलैच्या उन्हात पाण्यावाचून तळमळली होती, आणि चालताना समोर सतत पाणी दिसत होतं. उंचवट्यावर वसलेलं प्रत्येक गाव तळ्यातल्या बेटासारखं दिसे, गावाखाली त्याची उलटी छाया दिसे, आणि जवळ जावं तसा तळ्याचा काठ मागे सरके. मोंज यांनी याची भौतिक कारणं लिहून काढली आणि ऑगस्टअखेर संस्थेच्या दुसऱ्याच बैठकीत वाचली.

मृगजळ त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं असं अर्थातच नाही. आपल्याकडे वराहमिहिरानं सहाव्या शतकात बृहत्संहितेत गंधर्वनगरावर, म्हणजे आकाशात भासणाऱ्या नगरीवर, स्वतंत्र अध्याय लिहिला, पण तो शकुनांचा आहे: कुठल्या दिशेला दिसलं तर कुणावर संकट. वेदान्तानं मृगजळ घेतलं ते जगाच्या मिथ्यापणाचा दाखला म्हणून, आणि ज्ञानेश्वरीतही ते त्याच कामी वारंवार येतं. सिसिलीच्या मेसिना सामुद्रधुनीवर हवेत उभे राहणारे मनोरे आणि कमानी लोकांनी मॉर्गन नावाच्या जादूगारणीच्या खात्यावर टाकल्या. पण हे दृश्य नेमकं कुठल्या वाटेनं डोळ्यात शिरतं, या प्रश्नाचं कूळ शोधत मागे गेलं की पाय त्या ऑगस्टशी थबकतात. आणि गंमत अशी की एकमेकांशी लढणाऱ्या दोन देशांनी त्या महिन्यात दोन वेगवेगळी घराणी नोंदवली. मोंज यांचं खालचं, जिथे प्रतिमा वस्तूच्या खाली पडते. व्हिन्स यांचं वरचं, जिथे ती वस्तूच्या वर चढते.

मोंज यांची मांडणी अशी होती. तापलेल्या वाळूला लागून असलेली हवा गरम, म्हणून विरळ. तिच्यावरची हवा त्यामानानं दाट. फार तिरप्या कोनात आलेला किरण या दोन थरांच्या सीमेवर पोचला की विरळ हवेत शिरत नाही, आरशावरून परतावा तसा परततो. पाणी दिसतं ते म्हणजे आकाश. क्षितिजाजवळच्या आकाशाचा उजेड जमिनीशी येऊन पुन्हा वर उठतो आणि आपल्या डोळ्यात शिरतो. डोळा उजेडाची मागची वाट सरळ रेषेतच धरतो, म्हणून निळंपांढरं आकाश आपल्याला जमिनीवर पसरलेलं दिसतं.

हे बहुतेक बरोबर होतं. चुकीचा होता तो आरसा. हवेत अशी धारदार सीमा कुठे नसते. मातीपासून वर जावं तसं तापमान आधी झपाट्यानं आणि मग हळूहळू उतरतं, एका थरातून दुसऱ्यात मिसळत. ही दुरुस्ती केली विल्यम हाइड वॉलस्टन यांनी, १८०० साली, आणि त्यासाठी त्यांना वाळवंटात जावं लागलं नाही. त्यांनी एक चौकोनी बाटली घेतली. तळाशी साखरेचा स्वच्छ पाक, त्यावर अलगद सोडलेलं पाणी, त्यावर मद्यार्क. थोडा वेळ गेला की द्रव सीमेपाशी एकमेकांत मुरतात आणि दाटपणा पायरीनं न उतरता उताराने उतरू लागतो. बाटलीमागे अक्षरं लिहिलेला कागद धरला, आणि त्या मुरलेल्या पट्ट्यात तीच अक्षरं उलटी दिसली. रॅम्सगेटचं जहाज बाटलीत उतरलं होतं.

त्यांचा दुसरा प्रयोग मला याहूनही आवडतो. लोखंडी सळई लालभडक तापवायची आणि तिच्या कडेला डोळा लावून दहाबारा फुटांवरच्या अक्षरांकडे बघायचं. सळईच्या अगदी लगत, अर्ध्या इंचाहूनही अरुंद अशा हवेच्या पट्ट्यात, अक्षरं उलटी होऊन दिसतात. इजिप्तच्या वाळूवर जे मैलभर पसरतं ते इथे बोटाच्या पेराएवढ्या जागेत घडतं. तहान, थकवा, भास, जादूगारीण यांतलं काहीही सळईपाशी नसतं. फक्त तापलेली हवा असते आणि तिच्यातून वाकून आलेला उजेड.

वाकतो म्हणजे किती? हवेचा अपवर्तनांक १.०००३ च्या आसपास असतो, म्हणजे पोकळीहून नावालाच वेगळा. तापमान एक अंशानं चढलं की तो साधारण दहा लाखांतल्या एका भागानं उतरतो. चैत्र-वैशाखात लातूर किंवा परभणीकडचा डांबरी रस्ता घ्या. डांबराला चिकटलेली हवा आपल्या डोळ्यांच्या उंचीवरच्या हवेपेक्षा वीस अंशांनी गरम आहे असं धरू. एवढ्या फरकात किरण जास्तीत जास्त एक तृतीयांश अंशाच्या कोनातून परत वर वळू शकतो, पूर्ण चंद्र आकाशात जेवढा रुंद दिसतो त्याहूनही कमी. त्यापेक्षा उभा आलेला किरण थेट रस्त्यावर आदळतो आणि आपल्याला डांबरच दिसतं. डोळा जमिनीपासून दीड मीटरवर असेल तर हा कोन साधारण २४० मीटरवर जुळतो. पाण्याचा अलीकडचा काठ तिथे दिसेल. आपण चाललो की काठही चालतो, कारण तो रस्त्यावर नसतोच, आपल्या डोळ्याच्या उंचीला बांधलेला असतो. हे पडताळायला अंतर कापायचीही गरज नाही. जागच्या जागी उकिडवं बसा: डोळा निम्म्या उंचीवर आला की काठ निम्म्या अंतरावर येतो, जणू पूर चढला. एसटीच्या उंच बाकावरून पाणी लांब पळतं, मोटारसायकलवरून जवळ येतं. पाणी थरथरतं तेही उगीच नव्हे. तळची हलकी हवा सारखी वर सुटत असते, खाली नवी तापत असते, आणि थराची जाडी क्षणोक्षणी बदलते.

इथे एक अडचण राहते, आणि आपल्या कित्येक पाठ्यपुस्तकांनी ती मोंज यांच्या आरशानंच झाकली आहे. ‘पूर्ण आंतरिक परावर्तन’ एवढं लिहिलं की गुण मिळतात. पण थर जर हळूहळू बदलत असतील तर खाली येणारा किरण वाकत वाकत जमिनीला समांतर होईल, आणि समांतर झाल्यावर तो पुढच्या कुठल्याच थरात शिरणार नाही. मग तो वर का वळेल? हुशार मूल वर्गात हा प्रश्न विचारतं आणि त्याला उत्तर मिळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण उत्तर अवघड नाही. किरण ही कागदावर काढायची रेघ आहे. प्रत्यक्षात येतो तो तरंग, आणि तरंगाला उंची असते. शाळेच्या संचलनात मुलांची आडवी रांग चालत असताना एका टोकाची मुलं भराभर पावलं टाकू लागली तर सगळी रांग दुसऱ्या टोकाकडे वळते. तसंच इथे. तरंगाचं खालचं टोक गरम, विरळ हवेत असतं म्हणून ते किंचित वेगानं पुढे जातं, वरचं मागे राहतं, आणि आख्खी तरंगरेषा वरच्या अंगाला वळते. किरण समांतर झाला त्या क्षणीही खालचं टोक वेगातच असतं, म्हणून वळण थांबत नाही. बंगळूरला सी. व्ही. रामन आणि त्यांचे भाचे पंचरत्नम यांनी १९५९ साली मृगजळाच्या प्रकाशशास्त्रावर निबंध लिहिला, तो या तरंगाच्या बाजूनंच. वर्गातल्या फळ्यापर्यंत मात्र तो अजून पुरता पोचलेला नाही.

वरच्या घराण्यात हीच रांग उलटी वळते. थंड समुद्रावर किंवा बर्फावर तळची हवा गार आणि वरची उबदार असते. वरचं टोक वेगात, म्हणून उजेड खाली झुकतो, पृथ्वीच्या गोलाईबरोबर. क्षितिजापलीकडची वस्तू मग वर उचलल्यासारखी दिसते. जुलै १८२२ मध्ये ग्रीनलँडच्या किनाऱ्याजवळ देवमाशांच्या शिकारीवर असलेल्या विल्यम स्कोर्सबी यांनी आकाशात एक उलटं जहाज पाहिलं. दुर्बिणीतून त्याची शिडं, डोल, बांधणी इतकी स्वच्छ दिसली की ते वडिलांचं ‘फेम’ आहे असं त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं. ‘फेम’ तेव्हा सुमारे तीस मैलांवर होतं, क्षितिजाच्या सतरा मैल पलीकडे. वडील त्या भागात आहेत हेसुद्धा मुलाला ठाऊक नव्हतं.

स्कोर्सबी यांनी दिसलं ते लिहिलं आणि मग त्याचा अर्थ लावला. जॉन रॉस यांनी चार वर्षं आधी उलट केलं. ऑगस्ट १८१८ च्या अखेरीस कॅनडाच्या उत्तरेला लँकेस्टर साउंडमध्ये त्यांना समोर डोंगरांची रांग दिसली. बहुतेक अभ्यासकांच्या मते ती मृगजळाचीच. रॉस यांनी तिला आरमार खात्याच्या सचिवांवरून क्रोकर पर्वत हे नाव दिलं, वाट बंद आहे असं ठरवलं आणि जहाजं वळवली. पुढच्याच वर्षी विल्यम पॅरी त्या ‘पर्वतां’तून शिडं उभारून पार गेले. रॉस यांची कीर्ती डागाळली.

याच घराण्यातली त्याहून कितीतरी जुनी आणि मला सर्वांत मोलाची वाटणारी नोंद मात्र १५९७ ची आहे. विल्यम बॅरेंट्स यांच्या मोहिमेतले डच खलाशी नोवाया झेम्ल्या बेटावर, ७६ अंश उत्तरेला, बर्फात अडकले होते. वाहून आलेल्या लाकडांचं घर बांधून ते ध्रुवीय रात्र काढत होते. २४ जानेवारीला गेरिट द व्हेर, याकोब व्हान हेम्सकर्क आणि आणखी एक जण किनाऱ्यावर गेले असताना त्यांना सूर्याची कड दिसली. धावत येऊन त्यांनी हे सांगितलं तर खुद्द बॅरेंट्सनाच पटेना, कारण हिशोबानं सूर्य उगवायला अजून दोन आठवडे होते. तीन दिवसांनी सगळ्यांनीच तो पाहिला. गावी परतल्यावर द व्हेर यांनी रोजनिशी छापली, आणि जाणकारांनी शंका काढली ती तारखेची: अंधारात तुमचे दिवस मोजायचे चुकले. द व्हेर यांच्यापाशी या शंकेला उत्तर होतं. त्याच सुमारास त्यांनी चंद्र आणि गुरू यांची युती पाहिली होती आणि व्हेनिसच्या पंचांगाशी ताडून पाहिली होती. दिवस बरोबर होता.

केप्लर यांनी १६०४ च्या ग्रंथात या नोंदीची दखल घेतली आणि उजेड हवेतच अडकून पुढे आला असावा, या दिशेनं विचार केला. बाकीच्यांना ते पचायला फार काळ लागला, कारण २४ जानेवारीला त्या ठिकाणी सूर्य क्षितिजाखाली पाच अंशांहून जास्त होता. मुळात उजेड पृथ्वीच्या गोलाईइतका झुकायला मीटरमागे दशांश अंशाहून थोडी अधिक तापमानवाढ पुरते. पण तसा थर शेकडो किलोमीटर अखंड पसरलेला असावा लागतो. तेव्हा त्याच्या छताखाली सापडलेला उजेड पुन्हापुन्हा झुकत बर्फावरून सरकत राहतो. १९१५ मध्ये अंटार्क्टिकात शॅकल्टन यांच्या माणसांनीही, आठवडाभरापूर्वी मावळलेला सूर्य ८ मे रोजी अर्ध्याहून अधिक वर आलेला पाहिला. शेवटी १९७९ साली कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे वॉल्डेमार लेन यांनी संगणकावर थरांतून किरण सोडून हिशोब केला. द व्हेर यांच्या दिवसांच्या, दिशांच्या आणि हवामानाच्या नोंदी त्यांनी जशाच्या तशा घेतल्या. त्या हिशोबात बसल्या, आणि त्या दिवशी नोवाया झेम्ल्यावरची हवा कशी रचलेली असली पाहिजे, हे ३८२ वर्षांनंतर सांगता आलं.