स्क्रीन आणि डेटा: कोण कुणाचं ऐकतं?

मेसेजच्या चिन्हावर लाल ‘१’ दिसतो, उघडून बघावं तर नवीन मेसेजच नाही. फेसबुकच्या वेबसाइटवर एकेकाळी हा बग दुरुस्त केला तरी पुन्हा उगवायचा. त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न हाच आपला आजचा विषय: डेटा बदलला की स्क्रीनला कळवायचं कुणी? म्हणजेच डेटा बाइंडिंग.

२००६ मध्ये जेक्वेरी आली, तेव्हा हे काम हातानेच व्हायचं. कार्टमध्ये वस्तू वाढली? मग आकडा बदला, बेरीज बदला, बटण चालू करा. एक जागा विसरलात की स्क्रीन खोटं बोलणार.

२०१० मध्ये स्टीव्ह सँडरसनने नॉकआउट आणलं. व्हॅल्यू ‘ऑब्झर्व्हेबल’मध्ये गुंडाळायची, ती बदलली की स्वतःच टेम्प्लेटला हाक मारते. फक्त वाचताना दरवेळी फंक्शनसारखे कंस द्यायचे, आणि लोक ते हमखास विसरायचे.

अँग्युलर जेएसने ती कटकट काढून टाकली. गूगलमध्ये मिस्को हेवरीने पैज लावली होती: टीमने सहा महिन्यांत लिहिलेलं प्रोजेक्ट मी दोन आठवड्यांत नव्याने लिहितो. लागले तीन आठवडे, पण १७,००० ओळींच्या जागी उरल्या सुमारे १,५००! इनपुटमध्ये टाइप करा, डेटा बदलतो. डेटा बदला, इनपुट बदलतं. हेच टू-वे बाइंडिंग.

पण या जादूला किंमत होती. एखादी घटना घडली की अँग्युलर सगळ्या बाइंडिंगच्या जुन्या-नव्या व्हॅल्यू ताडून बघायचं. एका बदलाने दुसरा बदल झाला की परत फेरी. १० फेऱ्यांतही स्थिरावलं नाही तर थेट एरर. पान मोठं झालं की ॲप रांगायला लागायचं.

इकडे फेसबुकला वेगळंच दुखणं होतं. तो ‘१’ कुठून बदलतोय, हेच सापडत नव्हतं. जॉर्डन वॉकच्या रिॲक्टने २०१३ मध्ये वाट एकेरी केली: डेटा वरून खाली जाईल, बदल हवा असेल तर वर कळवा. २०१४ मध्ये फ्लक्सने हीच शिस्त सगळ्या ॲपला लावली. कोड थोडा जास्त लिहावा लागतो, पण बदल कुणी केला ते सापडतं.

मग टू-वे संपलं का? अजिबात नाही. २०१४ मध्ये आलेल्या व्ह्यूने फॉर्मसाठी व्ही-मॉडेल दिलं. २०१६ च्या नव्या अँग्युलरमध्ये चौकोनी कंस म्हणजे डेटा आत, गोल कंस म्हणजे घटना बाहेर. दोन्ही हवेत? मग [( )]. याला लोक ‘खोक्यातलं केळं’ म्हणतात! म्हणजे टू-वे हे दोन एकेरी रस्त्यांचंच छोटं रूप झालं.

आणि गंमत बघा, २०२३ मध्ये अँग्युलर १६ ने ‘सिग्नल’ आणले. व्हॅल्यू गुंडाळा, बदलली की ती स्वतः सांगेल, वाचताना कंस द्या. ओळखीचं वाटतंय ना? नॉकआउटचाच पुतण्या!

तर निवड कशी करायची? पाच रकान्यांचा फॉर्म असेल तर टू-वे बिनधास्त वापरा. पण तोच आकडा चार ठिकाणी दिसत असेल, तर तो बदलण्याचा हक्क एकाच जागी ठेवा. फ्रेमवर्क बदलत राहतील. ‘हा डेटा बदलायचा हक्क कुणाचा?’ हा प्रश्न मात्र पहिली ओळ लिहिण्याआधीच विचारा. भेटूया पुढच्या भागात!