विमानतळ, इंदिरानगर आणि नळीवरचा चेंडू

बंगळुरूच्या इंदिरानगरातल्या जुन्या घरांच्या पत्त्यात आजही 'एचएएल सेकंड स्टेज' असं लिहिलेलं असतं. शंभर फुटी रस्त्यावरच्या झगमगाटात ही तीन अक्षरं कोणाच्या फारशी लक्षात येत नाहीत. मराठी माणसाने मात्र तिथे क्षणभर थांबावं. एचएएल म्हणजे मूळची हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी, आणि ती उभी केली सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत आणि अमेरिकन उद्योजक विल्यम पॉली यांच्या मदतीने त्यांनी हा कारखाना काढला. महायुद्धाने त्याची दिशा बदलली. १९४२ मध्ये सरकारने तो ताब्यात घेतला आणि १९४३ मध्ये कारभार अमेरिकेच्या हवाई दलाकडे गेला. पुढची दोन वर्षं ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून थकून आलेली बॉम्बफेकी आणि मालवाहू विमानं इथे उघडली गेली, दुरुस्त झाली आणि परत उडाली.

अमेरिकन सैनिक जिथे गेले तिथे त्यांचा सॉफ्टबॉलही गेला. या खेळाला बेसबॉलपेक्षा लहान मैदान पुरतं, त्यामुळे छावणीतल्या मोकळ्या पट्ट्यावरही डाव मांडता येई. मुळात तो बंद दाराआड जन्मलेला खेळ. १८८७ च्या नोव्हेंबरात शिकागोच्या फॅरागट बोट क्लबमध्ये काही तरुण फुटबॉल सामन्याच्या निकालाची तार येण्याची वाट पाहत बसले होते. निकाल कळताच एकाने जुना बॉक्सिंगचा हातमोजा भिरकावला आणि दुसऱ्याने तो काठीने टोलवला. जॉर्ज हॅनकॉक या बातमीदाराने तिथेच मोजा बांधून त्याचा चेंडू केला आणि खडूने मैदान आखलं. 'सॉफ्टबॉल' हे नाव रूढ व्हायला १९२६ नंतरचा काळ उजाडला. त्याआधी त्याला 'किटन बॉल'सारखी बरीच नावं होती.

नावात मऊपणा असला तरी हा खेळ फलंदाजाला अजिबात उसंत देत नाही. महिलांच्या सामन्यात चेंडू टाकणारी खेळाडू फक्त ४३ फुटांवर, म्हणजे १३.११ मीटरवर उभी असते. हात खालून गोल फिरवून ती ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने चेंडू सोडते, तेव्हा फलंदाजाच्या हाती जेमतेम अर्धा सेकंद उरतो. चेंडू ओळखायचा, मारायचा की सोडायचा हे ठरवायचं आणि बॅट फिरवायची, सगळं तेवढ्यातच. फटका चुकला तर नेमकं काय चुकलं? नजर, निर्णय की हात? अर्ध्या सेकंदात या तीन गोष्टी इतक्या गुंतलेल्या असतात की फलंदाजालाही त्या वेगळ्या काढता येत नाहीत.

हा गुंता सोडवण्याचं साधं साधन म्हणजे बॅटिंग टी: तळाशी जड पाया, त्यावर कमीजास्त उंच करता येणारी नळी, नळीच्या टोकाला रबर आणि रबरावर निवांत बसलेला चेंडू. बेसबॉलच्या सरावात तिला मानाची जागा मिळाली ती १९४० च्या दशकात, आणि त्यात ब्रँच रिकी यांचा वाटा मोठा. जॅकी रॉबिन्सनला करारबद्ध करून बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत पाडणारे हेच ते ब्रुकलिन डॉजर्सचे रिकी. १९४८ मध्ये फ्लोरिडातल्या व्हीरो बीचला त्यांनी खेळाडूंचं प्रशिक्षण केंद्र सुरू केलं, तेही नौदलाने सोडून दिलेल्या विमानतळावर. तिथे एका वेळी शेकडो खेळाडू असत. सगळ्यांना पुरतील इतके गोलंदाज आणायचे कुठून? रिकींनी शिकवण्याचे तुकडे पाडले. घसरून बेस गाठण्याचा सराव वाळूच्या खड्ड्यात, चेंडू टाकणाऱ्यांचा सराव दोऱ्यांनी बांधलेल्या चौकटीत आणि फटक्याचा सराव टीवर.

यामागचा विचार बंगळुरूच्या कारखान्यातल्या मिस्त्रीला लगेच कळला असता. बिघडलेलं इंजिन तो हवेत तपासत नाही. विमानातून उतरवून बाकावर चढवतो, चालवतो आणि कान देऊन ऐकतो. टी फटक्याचं तेच करते. चेंडू थांबला की नजर आणि निर्णय बाजूला होतात आणि उरते फक्त बॅटची चाल. आता चूक लपत नाही. चेंडू जमिनीत गेला तर बॅट वरून खाली आली, आभाळात गेला तर मागचा खांदा ढासळला, नळीलाच ठोका बसला तर बॅट चेंडूच्या खालून गेली.

मात्र टी कशीही मांडून चालत नाही. बहुतेक मुलं ती अगदी पोटासमोर ठेवतात आणि महिनाभर चुकीचीच सवय घोटतात. मधला चेंडू पुढच्या पावलाच्या रेषेत हवा. अंगाजवळच्या चेंडूला बॅट आणखी पुढे भेटते, म्हणून टी पुढे सरकवायची. लांबच्या चेंडूला ती उशिरा भेटते, म्हणून मागे घ्यायची. उंचीही गुडघ्यापासून छातीपर्यंत बदलत राहायची. एकाच जागी शंभर फटके मारण्यापेक्षा जागा बदलून मारलेले तीस अधिक शिकवतात. टी म्हणजे लहान मुलांचं खेळणं असं मानणाऱ्यांनी टोनी ग्विन यांच्याकडे पाहावं. सॅन दिएगो पॅड्रेसच्या या फलंदाजाने ३,१४१ हिट आणि आठ वेळा सर्वोत्तम सरासरीचा मान मिळवला, आणि टीवरचा सराव त्यांनी कारकीर्दभर सोडला नाही.

लहान मुलांच्या हाती ती आली तीही एका विमानांच्या गावात. जॉर्जियातलं वॉर्नर रॉबिन्स हे हवाई दलाच्या दुरुस्ती तळाभोवती वाढलेलं गाव. तिथल्या क्लॉड लुइस यांनी १९५८ मध्ये गोलंदाजच नसलेल्या टी-बॉलची स्पर्धा वीस मुलांना घेऊन सुरू केली आणि नियमांच्या पुस्तिका देशभर टपालाने पाठवल्या. मिशिगनमधलं आल्बियन गाव मात्र टी-बॉल सुरू करण्याचा मान आपल्याकडे १९५६ पासून असल्याचं सांगतं.

इकडे बंगळुरूत युद्ध संपल्यावर अमेरिकन परत गेले. १९७० च्या दशकाच्या शेवटी कारखान्याच्या शेजारच्या जमिनीवर इंदिरानगरची वसाहत आकाराला आली: आखीव रस्ते, पुढे अंगण आणि मागे झाडं असलेली घरं. याच इंदिरानगरात शरद आणि पुष्पा द्रविड यांचं मराठी घर. वडील किसान कंपनीत, आई विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयात वास्तुकलेच्या प्राध्यापक. मुलगा राहुल क्रिकेट प्रशिक्षक केकी तारापोर यांच्या हाताखाली घडला. १९९१ मध्ये रणजी पदार्पणात तो पुण्याला महाराष्ट्राविरुद्धच उतरला आणि त्याने ८२ धावा काढल्या. पुढे कसोटीत त्याने ३१,२५८ चेंडू खेळून काढले, जगात कोणाहीपेक्षा जास्त. इतके चेंडू खेळायचे तर बॅटची चाल झोपेतही चुकून चालत नाही.

क्रिकेटकडे टी नव्हती, पण तिची बहीण घरोघरी होती. जुन्या मोज्यात चेंडू घालायचा, गाठ मारायची आणि गॅलरीच्या गजाला किंवा आंब्याच्या फांदीला टांगायचा. दादरची चाळ असो की बंगळुरूचा बंगला, पोरं संध्याकाळभर टकटक करत राहत. टांगलेला चेंडू झोका घेऊन परत येतो, म्हणून तो सरळ बॅटची परीक्षाही घेतो. जरा तिरका फटका बसला की दोरी गोल फिरते. ब्रॅडमन यांचा बाउरलमधला सराव याच्या अगदी उलट टोकाचा. पाण्याच्या टाकीच्या विटांच्या बैठकीवर गोल्फचा चेंडू आपटायचा आणि वेडावाकडा उडालेला तो स्टंपने मारायचा. त्यात नजर आणि पाय तयार होतात. चाल तपासायला सवड मिळत नाही. दोन्ही सराव खरे, पण एकाचं काम दुसऱ्याकडून होत नाही. आपल्याकडच्या शिबिरांत ही गल्लत सर्रास होते: चाल बिघडलेल्या मुलाला आणखी वेगाने चेंडू टाकले जातात.

सॉफ्टबॉल भारतात संघटितपणे उभा राहिला तो १९६० च्या दशकात, जोधपूरच्या दशरथमल मेहता यांच्या प्रयत्नांतून. महाराष्ट्रात त्याने मुंबई-पुण्यापेक्षा जळगाव, अमरावती अशा गावांत घट्ट मूळ धरलं. शिवछत्रपती पुरस्कारांच्या यादीत सॉफ्टबॉलपटूंची नावं दिसतात, आणि त्यात मुलींचीही आहेत. यातल्या बहुतेक मुलामुलींनी आयुष्यात पहिली बॅट धरली ती क्रिकेटची. म्हणून मैदानावर आल्यावर पहिली लढाई जुन्या सवयीशी होते: बॅट वरून खाली उभी येते, कंबर स्थिर राहते आणि हात एकटेच धावतात. सॉफ्टबॉलचा फटका कंबरेतून निघतो. आधी पुढचं पाऊल टेकतं, मग कंबर वळते, तिच्यामागून खांदे आणि सर्वांत शेवटी हात येतात. उडत्या चेंडूसमोर हा क्रम शिकवणं जवळपास अशक्य, कारण घाबरलेलं अंग जुन्याच वाटेने जातं. नळीवरच्या चेंडूसमोर भीती नसते. प्रशिक्षक मधेच थांबवू शकतो, कंबर धरून वळवून दाखवू शकतो.

साहित्यही महाग नाही. लोखंडी थाळीवर बसवलेला पाइप, त्याच्या तोंडावर रबरी नळीचा तुकडा आणि समोर दोन बांबूंना बांधलेली जुनी जाळी एवढ्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेतही हा सराव होतो. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये महिलांचा सॉफ्टबॉल परत येतो आहे. सामने ओक्लाहोमा सिटीत होणार आहेत.