पवनीचे दगड कोणी दिले?

शहरातील शिल्प म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चौथऱ्यावरचा पुतळा उभा राहतो. वर कोणी राजा किंवा सेनापती, खाली अनावरण करणाऱ्याच्या नावाची पाटी. मुंबईचा काळा घोडा हा त्यातलाच. प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीची आठवण म्हणून धनाढ्य सासून घराण्याने 1879 मध्ये तो शहराला दिला. देणारा एक, दाखविलेला एक आणि पाहणारे लाखो! 1965 मध्ये पुतळा तेथून हलला, पुढे राणीच्या बागेत गेला आणि 2017 मध्ये त्या परिसरात नवा घोडा आला, तोही स्वाराविना. लोकांच्या तोंडी तरी स्वार होताच कोठे? त्यांनी जागेला नाव दिले ते घोड्याचे!

याहून वेगळी एक रीत आमच्या भंडारा जिल्ह्यात दोन हजार वर्षांपूर्वी रूढ होती. वैनगंगेच्या काठचे पवनी आज विणकरांचे गाव म्हणून ओळखले जाते. पण मातीचा थोरला तट आणि खंदक पाहिला की हे एके काळचे भरभराटलेले नगर होते, हे सांगावे लागत नाही. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खाते यांनी शां. भा. देव व ज. प. जोशी यांच्या देखरेखीखाली येथे उत्खनन केले. लोक जिला जगन्नाथ टेकडी म्हणत आले, तिच्या पोटातून स्तूप निघाला. त्याचा व्यास सुमारे 38 मीटर, म्हणजे सांचीच्या मोठ्या स्तूपाहूनही काकणभर अधिक.

स्तूपाभोवती दगडी कठडा होता. त्याच्या खांबांवर बुद्धाची मूर्ती मात्र शोधून सापडायची नाही. बोधिवृक्ष आहे, रिकामे आसन आहे. एके ठिकाणी त्या रिकाम्या आसनावर मुचलिंद नागाने फणा धरला आहे आणि नागाचे नाव शेजारी ब्राह्मी अक्षरांत कोरले आहे. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तोच दिसत नाही. पाहणाऱ्याने त्याला मनात आणावयाचे.

मला याहूनही मोलाचे वाटतात ते दानाचे लेख. हा दगड अमक्याचे दान, तो तमकीचे दान, एवढाच बहुतेकांचा मजकूर. देणाऱ्यांत संघातील माणसे आहेत, स्त्रियाही आहेत. एका लेखात तर दानाबरोबर सर्व प्राणिमात्रांना सुख लाभो, अशी इच्छा नोंदविली आहे. भारहूतला आणि सांचीलाही हाच प्रघात होता. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी आपले नाव ठेवले आहे. ज्याने जेवढे दिले, तेवढ्यापुरते त्याचे नाव. स्वतःची तसबीर कोरून घेण्याची हौस या लेखांत दिसत नाही.

पवनीला राज्यकर्त्यांची हौस नव्हती, असे मात्र कोणी समजू नये. भार राजा भगदत्त याने पादुकापट्ट बसविल्याचा लेख येथेच मिळाला. महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याच्या स्मरणार्थ उभारलेला छायास्तंभही येथलाच. तो आता नागपूरच्या वस्तुसंग्रहालयात आहे. पण त्याचे राज्य कोठवर होते, त्याने काय केले, हे खांब सांगत नाही. मोठ्या पदवीच्या या माणसाचे उरले ते नावच. इतिहासापुढे तो आणि एक दगड देणारी बाई शेवटी एकाच पंक्तीला बसली. फरक एवढाच, की बाईचा दगड एका कठड्याचा भाग होता आणि तो कठडा साऱ्या नगराचा होता.

उत्खननात निघालेले पुष्कळ अवशेष गावाबाहेर गेले. ऊन-पाऊस आणि चोर यांचा विचार करता त्यात गैर काही नाही. पण शिल्प गेले तरी देणाऱ्यांची नावे गावात राहावयास हवीत. त्या लेखांचे ठसे मराठी अर्थासह पवनीच्या शाळांतून लावावेत, असे मला वाटते. खर्च फारसा नाही. आणि उद्या एखाद्या चौकात नवा पुतळा बसविण्याची सभा भरेल, तेव्हा कोणाचा बसवावा यावर वाद घालण्यापूर्वी त्यासाठी कोण कोण काय देणार, हे विचारण्याची बुद्धी त्या मुलांपैकी एखाद्याला तरी होईल.